दीड फूट

“मला वारा कळेनासा झालाय, मुबीन,” असं दिनेशभाऊ बोलून गेले आणि मुबीनचा मशीनच्या पायट्यावरचा पाय जागच्या जागी थांबला. सुई ताडपत्रीत अर्धी रुतून राहिली. भाऊ बोलले ते अगदी सहज, चपलेचा अंगठा तुटलाय म्हणावं तसं. दुपारची वेळ, नाशकातला द्वारकेचा चौक नेहमीसारखा तुंबलेला, पुलाखालून रिक्षावाल्यांची हॉर्नची कटकट चाललेली, आणि दुकानाच्या पायरीवर पाय खाली सोडून हा पासष्टीचा माणूस आपल्याला वारा कळेनासा झाल्याचं सांगत होता. उद्याची शर्यत शेवटची, म्हणाले. होडी देऊन टाकायची. पुण्याच्या एका माणसाशी बोलणं झालंय, उद्या संध्याकाळी तो गाडी घेऊन धरणावर येतोय. मुबीननं ‘का?’ असंसुद्धा विचारलं नाही. विचारायला तोंड असायला लागतं. त्यानं सुई वर घेतली, खाली दिली, पुन्हा वर घेतली, आणि पिंपळगावच्या कांद्याच्या टेम्पोची ती जाड हिरवी ताडपत्री विनाकारण इकडची तिकडे ओढली. भाऊंनी उजवा हात डाव्या हातात धरून मांडीवर ठेवला होता. हल्ली ते असेच बसतात. मग उठले, उद्या सातला ये म्हणाले, आणि रस्ता ओलांडताना एका अनोळखी पोरीच्या मागे मागे गेले. सिग्नलचा अंदाज स्वतःच्या डोळ्यांनी न घेता तिच्या पावलावर पाऊल टाकत गेले, हे मुबीननं पाहिलं.

कारण वारा भाऊंना पहिल्याइतकाच कळत होता. शीड लहान झालं होतं. दीड फूट लहान, आणि ते याच मशीनवर, याच पाटावर, याच कात्रीनं. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती, एक मुबीन आणि दुसरी भाऊंची मुलगी सायली. पाच महिने झाले होते. पाच महिने दर रविवारी मुबीन त्या माणसाच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून होडीत बसला होता, त्याच्या डब्यातली थालीपिठं खाल्ली होती, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून राहिला होता. उद्या संध्याकाळच्या आत बोलायला हवं होतं. नाहीतर होडी जाईल, आणि होडीबरोबर दिनेशभाऊंचं जे काही उरलंय तेही जाईल, एवढं त्याला स्वच्छ दिसत होतं. आणि बोललं तर? बोललं तर भाऊ पुन्हा या पायरीवर बसायचे नाहीत, हेही तितकंच स्वच्छ दिसत होतं.

तसं पाहिलं तर मुबीनचा आणि पाण्याचा संबंध काय? बापजादे ताडपत्री शिवणारे. टेम्पोची कव्हरं, लग्नाचे मांडव, द्राक्षाच्या शेडचे पडदे, जाडंभरडं काय असेल ते आणा आणि शिवून न्या. चार वर्षांमागे भाऊ एक पांढरं कुरकुरीत कापड बगलेत घालून आले तेव्हा मुबीनला वाटलं, नाटकाचा पडदा असेल. पुढचं शीड आहे, होडीचं, भाऊ म्हणाले, आणि अख्ख्या नाशकात हे शिवायला कुणी तयार होत नाही. मुबीननं ते हातात घेतलं. कापडात जान होती. त्यानं शिवून दिलं, तर भाऊंनी ते उन्हात धरलं आणि टाक्यांवरून अंगठा फिरवला. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेला तो अंगठा. सुताचा फरक असला तरी मोजपट्टी न लावता सांगायचा. “इथं टाका एक केस सैल आहे,” भाऊ म्हणाले, आणि मुबीननं भिंग लावून बघितलं तर खरोखर होता. तिथंच दोस्ती झाली. आपल्या कामाला असा माणूस किती वर्षांनी भेटला होता! लोक कव्हर नेतात, गाडीवर टाकतात, फाटलं की शिव्या द्यायला येतात. टाक्याकडे बघतो कोण? पुढच्याच रविवारी भाऊंनी त्याला धरणावर नेलं, अंगात जाकीट चढवलं आणि पुढच्या शिडाची दोरी हातात दिली. पहिला वारा शिडात भरला तेव्हा आपणच शिवलेला तो टाका अन् टाका ताणून उभा राहिलेला मुबीननं पाहिला. अंगावर काटा आला होता. बेचाळिसाव्या वर्षी माणसाला असं काही होईल असं त्याला कुणी सांगितलं असतं तर तो हसला असता.

शर्यत म्हणजे तरी काय, हौशी लोकांचा खेळ. सात-आठ होड्या, बक्षीस नाही, बिल्ला नाही, हरणाऱ्यानं मिसळ खिलवायची एवढंच. होड्या ठेवतात ती पाण्यालगतची पट्टी भिमाजीची. तो तिथं झेंडू लावतो, पहाटे फुलं मार्केटला घालून येतो आणि मग शिट्टी घेऊन बांधावर बसतो. त्याला होडीतलं काही कळत नाही म्हणून सगळ्यांनी त्यालाच पंच नेमलंय. प्रत्येक होडीला पुढची शिडं दोन, एक मोठं, एक लहान. शिट्टीच्या आधी भिमाजी एकेकाला विचारतो, “मोठं लावताय का बारकं?” आणि जे तोंडातून निघालं ते निघालं. बारकंवाले आधी सुटतात. मोठंवाल्यांना चार मिनिटं काठावर थांबून राहावं लागतं, कारण मोठ्या शिडाला वारा जास्त मिळतो, होडी जास्त पळते, पण ते सांभाळायला मनगट लागतं. कुणी जाऊन शीड मोजत नाही. शब्दावर चालतं सगळं. दिनेशभाऊंनी चार वर्षांत एकदाही ‘बारकं’ म्हटलेलं नव्हतं. त्यांचं लहान शीड पिशवीतून बाहेरच आलं नव्हतं. चार मिनिटं थांबायचे, पाण्यावर वाऱ्यानं उमटणारे काळे चट्टे बघत राहायचे, आणि मग एकेकाला गाठत, ओलांडत, पलीकडच्या बेटाला वळसा घालून सगळ्यांच्या आधी परत यायचे. त्या चार मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर जी शांतता असायची ती मुबीनला नमाजानंतरच्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसायची, एरवी कुठं नाही.

आणि मग तो नोव्हेंबरचा रविवार. त्र्यंबकच्या डोंगराकडून एकाएकी असा सुटला वारा की होडी कुशीवर गेली. भाऊंच्या हातातून मागच्या शिडाची दोरी सणसणत निघाली, तळहाताची साल घेऊन गेली, आणि पुढचं मोठं शीड मागच्या काठाशी टर्रकन फाटलं. मुबीननं ती सुटलेली दोरी धरली, अंगाचा सगळा भार टाकला, होडी सरळ झाली. एवढंच. पण त्या अर्ध्या मिनिटात मुबीनला भाऊंचा उजवा हात दिसला. दोरी धरायला पुढं आलेला, आणि थरथरत असलेला. थंडीनं थरथरतात तसा नव्हे. भाऊंनीही पाहिलं होतं की मुबीननं पाहिलंय. तिसऱ्या दिवशी सायली दुकानात आली. बँकेतून मधल्या सुट्टीत आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच. डॉक्टरांना दाखवलंय म्हणाली, वयाचा कंप आहे, सौम्य आहे, गोळ्या चालू केल्यात, पण बाबा होडी सोडणार नाहीत आणि मोठं शीडही सोडणार नाहीत. फाटलेलं शीड तुमच्याकडेच आलंय ना चाचा? ती एवढंच म्हणाली. ‘कापा’ असं काही ती म्हणाली नाही. मग जाता जाता म्हणाली, “मला आई नाहीये, चाचा.”

त्या पोरीला दोष देण्यात अर्थ नाही. हात मुबीनचे होते. आणि खरं सांगायचं तर कापताना त्याला जड गेलंच नाही, हीच आता मनात सलणारी गोष्ट. ताडपत्रीच्या धंद्यात ही रोजची चाल आहे. फाटका काठ आला की फाटलेलं छाटायचं, दुमडायचं, नवी शिलाई मारायची. कव्हर वीतभर आखूड होतं. गिऱ्हाईकाला सांगायचं, शिलाईत गेलं. तो मान डोलावतो, दोरी जरा ताणून बांधतो आणि माल झाकला जातो. बापानं शिकवलेलं. झाकणाऱ्या वस्तूचं थोडं कमी झालं तर काही बिघडत नाही. मुबीननं त्याच सवयीनं शीड पाटावर पसरलं, खडूनं रेघ मारली. फाटलेलं चार बोटं होतं, त्यानं रेघ दीड फुटावर मारली आणि कात्री चालवली. काम मात्र मन लावून केलं, जन्मात केलं नसेल इतकं. एकही टाका केसभर सैल नाही. भाऊंनी अंगठा फिरवला, शाबास म्हणाले. शीड म्हणजे झाकण नव्हे, ते होडीचं इंजिन आहे, चार वर्षं ज्याची दोरी धरली त्या माणसाला हे कळायला नको? कळत होतं की. पण कात्री हातात असली की मुबीन होडीतला नसतो, द्वारकेच्या दुकानातला असतो.

पुढचे रविवार मुबीनला आता एकामागून एक आठवू लागले. समोर ताडपत्री, वर पंखा, आणि डोक्यात पाणी. भिमाजीनं विचारायचं, भाऊंनी मान ताठ करून ‘मोठं’ म्हणायचं, चार मिनिटं थांबायचं, आणि मग निघायचं ते लहानच्या जेमतेम वर असलेल्या शिडावर. गाठणार कुणाला? पहिल्या रविवारी पाचवे आले. दुसऱ्या रविवारी शेवटून दुसरे. तिसऱ्या रविवारी मधल्या पाण्यात भाऊंनी डोळे बारीक करून वर बघितलं आणि म्हणाले, “शीड आखडल्यासारखं वाटतंय रे.” तेव्हा सांगायचं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर शिव्या बसल्या असत्या, दोन रविवार अबोला झाला असता आणि मिटलं असतं. मुबीन म्हणाला, “नाही भाऊ, तुम्हाला तसं वाटतं.” किती गुळगुळीत निघालं ते वाक्य! भाऊंनी पुन्हा वर पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्यानंतर त्यांनी दोनदा विचारलं आणि दोनदा मुबीननं तेच उत्तर दिलं, दर वेळी आधीपेक्षा सहज. चौथ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. कापड दीड फूट कापलं ते एकदाच, पण माणूस तो दर रविवारी थोडा थोडा कापत होता. हा विचार मनात आला आणि मुबीननं सुईतला धागा ओढून तोडला.

कारण गोष्ट पाण्यापुरती राहिली नव्हती. जानेवारीत भाऊंनी स्कूटर विकली. का, तर समोरच्या गाडीचं अंतर कळत नाही. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेली नव्हती. मग घरातली छोटी लेथ झाकून ठेवली. आजूबाजूचे लोक पंपाची झिजलेली बुशं कातून घ्यायला यायचे त्यांना परत पाठवू लागले, आपलं माप आता बरोबर येत नाही म्हणून. चौतीस वर्षांची हत्यारांची पेटी सातपूरच्या एका पोराला देऊन टाकली. दाढीला न्हाव्याकडे जायला लागले. चहाचा कप भरून घेत नाहीत, अर्धाच मागतात. मुबीन प्रत्येक वेळी मनाशी म्हणायचा, वय झालं, आजार आहे, होतंच असं. खोटं. आजार होता तो बोटांच्या टोकाला, एवढासा. बाकीचं सगळं मुबीनच्या त्या एका वाक्यानं केलं होतं. ज्या माणसाला आयुष्यभर आपल्या डोळ्याचा आणि अंगठ्याचा भरवसा होता त्याला मुबीननं, त्याच्या जिवाभावाच्या दोस्तानं, तोंडावर सांगितलं होतं की तुझ्या डोळ्याला दिसतं ते नाहीच. मग त्यानं दुसरं काय करावं?

घरी जेवताना आफियाच्या ते ध्यानात आलं. वीस वर्षं संसार केलेल्या बायकोपासून काय लपतं? तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं आणि त्यानं पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं, शिडाचं, सायलीचं, स्कूटरचं. आफियानं शांतपणे ऐकून घेतलं. तिला वाटलं होतं काय नि निघालं काय. ती म्हणाली, एक पोर बापासाठी रडत आली, तुम्ही तिचं ऐकलं, यात गुन्हा कुठला? बुडाला असता तो माणूस तर बरं झालं असतं का? आणि आता होडी जातेच आहे तर जाऊ द्या, सगळ्यांच्या जिवाची काळजी मिटेल, तुमचीही. बोलणं बिनतोड होतं. मुबीनला क्षणभर फार हलकं वाटलं. मग तिनं विचारलं, आता सांगितलंत तर ते कुणाच्या भल्याचं, त्यांच्या की तुमच्या? खरंच, कुणाच्या? आपल्या छातीवरचा धोंडा उचलून त्या माणसाच्या छातीवर ठेवायचा, याला सांगणं म्हणायचं का? मुबीन उठला, हात धुतले आणि कितीतरी वेळ पंच्याला पुसत बसला.

सकाळी धरणावर पोचला तेव्हा भाऊ आधीच आलेले होते. भिमाजीच्या झेंडूच्या वाफ्यांशेजारी गवतावर शीड पसरून त्याच्या कडेला उकिडवे बसले होते. मार्च सरत आला होता, सकाळचं ऊन अजून अंगाला गोड लागत होतं आणि वारा असा होता की पाण्यावर बारीक शहारा यावा, जास्त नाही. मोठ्या शिडाचा दिवस. होड्या एकेक पाण्यात उतरत होत्या. कुणाला ठाऊक नव्हतं की ही होडी आज शेवटची उतरणार. भिमाजी शिट्टी गळ्यात अडकवून आला, बाकीच्यांना विचारून झालं आणि भाऊंसमोर उभा राहिला. त्याला उत्तर पाठ होतं, म्हणून विचारता विचारता पुढं निघालाच होता. “मोठंच ना, दिनेशराव? वारं काय लय नाय आज.” भाऊंनी वर बघितलं. हसले. म्हणाले, “मुबीनला विचार. त्याला कळतं.”

भिमाजी थबकला. आजूबाजूचे दोघं-तिघंही थबकले. मुबीनला काठावरच्या चिखलाचा वास आला, झेंडूचा उग्र वास आला, आणि आफियानं विचारलेलं सगळं एका झटक्यात कुठच्या कुठं गेलं. कुणाच्या भल्याचं ते कळेना, पण आता गप्प बसणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. त्यानं भिमाजीला हातानं थांब म्हटलं. भिमाजी शहाणा माणूस, तो आपणहून चार पावलं मागं गेला. मुबीन गवतावर भाऊंच्या समोर बसला.

“भाऊ, हे शीड मी कापलंय,” तो म्हणाला. “दिवाळीनंतर. फाटलं होतं चार बोटं, मी दीड फूट काढलं. तुम्हाला आखूड वाटत होतं ते बरोबर होतं. तुम्ही हरत नव्हता. लहान शिडावर मोठ्याची चार मिनिटं भरत होता.”

सायलीचं नाव त्यानं घेतलं नाही. एवढं बोलायला पाच महिने लागले होते आणि बोलून व्हायला पाच श्वास पुरले. तो मार खायच्या तयारीनं बसला. खरंच, एक थोबाडीत बसली असती तर त्यानं तो हात धरून कपाळाला लावला असता. पण भाऊंच्या चेहऱ्यावर राग आलाच नाही. आधी काहीच आलं नाही. मग हळूहळू एक मऊ, समजूतदार भाव आला. आजारी माणसाला भेटायला आलेले लोक खोटं खोटं धीर देतात आणि आजारी माणूस त्यांचं मन राखतो, तो भाव.

“मुबीन,” ते म्हणाले, “माझ्यासाठी इतकं नको रे करू.”

मुबीननं शपथा घेतल्या. अल्लाची घेतली, पोरांची घेतली. त्यानं शिडाचा मागचा काठ उचलून दाखवला, ही बघा दुमड, ही माझी शिलाई. शिलाई तर तू केलीसच की, भाऊ म्हणाले, फाटलं होतं ना. तेव्हा मुबीन कळवळून म्हणाला, मोजा. तुमच्या हातानं मोजा. भाऊंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून की काय, मोजायला बसले. बारा विती होतं खालून, म्हणाले, घेतलं त्या दिवशी मोजलं होतं. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी शिडाच्या कोपऱ्याशी टेकवला आणि करंगळी ताणली. बोटं थरथरत होती. एक, दोन, तीन. चौथ्या वितीला अंगठा जागेवरून सरकला. ते थांबले, कोपऱ्याशी परत आले, पुन्हा एकपासून. आठपर्यंत गेले आणि सात झाल्या की आठ याचा घोळ झाला. तिसऱ्यांदा त्यांनी तोंडानं मोठ्यानं मोजलं, शाळेतल्या मुलासारखं, आणि शेवटच्या काठाला पोचले तेव्हा आकडा दहा होता. बरोबर दहा.

भाऊ आपल्या पंजाकडे बघत राहिले. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. ज्या अंगठ्यानं एक केस सैल असलेला टाका पकडला होता तो त्यांनी दुसऱ्या हाताच्या मुठीत घेतला. काठावर शिट्टी वाजली, बारकंवाले सुटले, पाण्यात शिडं फडफडली, कुणीतरी हाळी दिली. भाऊंनी तिकडे मान वळवून पाहिलं नाही.

“दहा आल्या खऱ्या,” ते म्हणाले. “पण माझ्या मोजण्याचं काय खरं आहे आता? बारा असतील, दहा असतील. तू म्हणतोस तर दहा असतील.”

मुबीनला काहीतरी बोलायचं होतं. पण बोलून काय होणार होतं? जे काही बोलेल ते भाऊ मानणार होते. तेव्हा मानलं तसं आताही मानणार होते, आणि तेच तर सगळ्यात वाईट होतं. भाऊ गुडघ्यावर हात देऊन उठले. शीड गोळा करून त्यांनी मुबीनच्या हातात दिलं, कोणतं लावायचं ते तूच लाव म्हणाले, आणि पाण्यात उतरले. होडीची कड धरून ते नेहमीसारखे मागं सुकाणूकडे न जाता पुढं गेले, मुबीनच्या जागेवर बसले, आणि तो येऊन काय सांगतो याची वाट बघत राहिले.